पाच आर्कसेकंदांवरचे दोन ठिपके

२१ जानेवारी २०१४ च्या संध्याकाळी लंडनच्या उत्तर भागातल्या एका वेधशाळेवर ढग चालून येत होते. युनिव्हर्सिटी कॉलेजचे स्टीव्ह फॉसी आणि पदवीचे काही विद्यार्थी प्रात्यक्षिकासाठी जमले होते. ठरलेला वेध ढगांमुळे पार पडणार नाही हे दिसल्यावर आभाळाचा जो तुकडा अजून मोकळा होता तिकडे त्यांनी दुर्बीण वळवली. तिथे एम ८२ ही दीर्घिका होती, आणि चित्रात तिच्या अंगावर एक तारा जास्तीचा दिसत होता. तो होता ‘एक-ए’ (Ia) जातीचा सुपरनोव्हा, म्हणजे स्फोट होऊन फुटलेला तारा. एवढ्या जवळ, १ कोटी २० लाख प्रकाशवर्षांवर, या जातीचा सुपरनोव्हा कित्येक दशकांत फुटला नव्हता. दोनच दिवसांत न्यूस्टार हा क्ष-किरण उपग्रह तिकडे रोखला गेला आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत त्याने सुमारे १९ लाख सेकंद एम ८२ कडे पाहिलं. एवढी लांब मुदत त्या दीर्घिकेला एरवी कुणी दिली नसती. ती सुपरनोव्हासाठी दिली होती, आणि हाती लागला दर १.३७ सेकंदांनी पडणारा एक ठोका, क्ष-किरणांच्या उजेडातला नियमित चढउतार. तो सुपरनोव्हाचा नव्हता. दीर्घिकेच्या गाभ्याजवळ पाच आर्कसेकंदांच्या (एक आर्कसेकंद म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग) अंतरावर दोन प्रखर क्ष-किरण ठिपके आहेत, एक्स-१ आणि एक्स-२. त्यांतल्या एक्स-२ मधून तो येत होता.

ही हकीकत नशिबाची गोष्ट म्हणून सांगतात. मला त्यातली दुसरीच बाजू सतत बोचत राहते. ते ढग आले नसते, सुपरनोव्हा फुटला नसता, तरी ठोका पडतच होता.

या जातीच्या ठिपक्यांना अतितेजस्वी क्ष-किरण स्रोत म्हणतात, रोजच्या बोलण्यात यूएलएक्स. ओळखायची खूण सोपी आहे. स्रोत दुसऱ्या दीर्घिकेत हवा, तिच्या केंद्रात नको (तिथे महाकाय कृष्णविवर असतं, त्याचा हिशेब वेगळा), आणि नुसत्या क्ष-किरणांतली त्याची तेजस्विता सूर्याच्या एकूण तेजस्वितेच्या अडीच लाख पटींहून जास्त हवी. १९७८ मध्ये गेलेल्या आइन्स्टाइन उपग्रहाच्या चित्रांत असे ठिपके पहिल्यांदा दिसले. पुढे रोसाट आला, मग १९९९ मध्ये चंद्रा आणि एक्सएमएम-न्यूटन हे क्ष-किरण उपग्रह एकापाठोपाठ गेले, आणि आज यादीत अठराशेच्या आसपास नावं आहेत. यादीत घोळही असतात. एखादा ठिपका आपल्या मानलेल्या दीर्घिकेचा नसतोच, तिच्यामागे फार दूर असलेला क्वेसार, म्हणजे दुसऱ्याच दीर्घिकेचा तळपता गाभा असतो. एखादा जुन्या सुपरनोव्हाचा तापलेला अवशेष निघतो. अंतर चुकलं की तेजस्विता अंतराच्या वर्गाच्या हिशेबाने चुकते. पण एवढी चाळण लावूनही शेकडो ठिपके उरतात, आणि ते नेमके काय आहेत हा प्रश्न त्यांच्यासोबत उरतो.

त्या प्रश्नाला कितीतरी वर्षं एकच उत्तर पुढे येत होतं, आणि ते एडिंग्टन मर्यादेच्या अंगाने येत होतं. तारा असो की कृष्णविवर, त्यावर पडणारा वायू तापतो आणि प्रकाशतो. तो प्रकाश बाहेर पडताना वायूतल्या इलेक्ट्रॉनांना रेटतो, आणि इलेक्ट्रॉनांना विद्युतबलाने बांधलेले प्रोटॉनही त्यांच्यासोबत मागे ओढले जातात. गुरुत्वाकर्षण आत खेचतं, प्रकाश बाहेर ढकलतो. दोन्ही अंतराच्या वर्गाने कमी होतात, म्हणून त्यांची बरोबरी जिथे होते ती तेजस्विता अंतरावर अवलंबून राहत नाही, फक्त वस्तुमानावर राहते. दर सौर वस्तुमानामागे ती सुमारे ३३ हजार सूर्यांइतकी भरते. याहून जास्त उजेड पाडायला गेलं तर उजेडच आपलं इंधन उडवून लावेल. हा हिशेब उलटा वाचला की तराजू तयार होतो. अडीच लाख सूर्य म्हणजे किमान आठ सौर वस्तुमानं, पंचवीस लाख म्हणजे ऐंशी, अडीच कोटी म्हणजे आठशे.

तेज मोजलं आणि त्यालाच वजन म्हटलं.

ही ओढ मला समजते. ताऱ्यांच्या मरणातून निघालेली काही दहा सौर वस्तुमानांची कृष्णविवरं माहीत होती, दीर्घिकांच्या केंद्रातली लाखो-कोटींची माहीत होती, आणि मधली पायरी रिकामी होती. त्या रिकाम्या पायरीवर बसवायला हे ठिपके अगदी योग्य वाटत होते. वर्णपटही साथ देत असल्यासारखा होता. यांच्या प्रकाशात एक मऊ, कमी तापमानाचा घटक दिसतो, ०.१ ते ०.२ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टचा (हे फोटॉनच्या ऊर्जेचं माप). कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या वायूच्या तबकडीची आतली कड जितकी मोठी तितकी ती थंड, म्हणून थंड तबकडी म्हणजे मोठं कृष्णविवर, असा अर्थ लावला गेला. हिशेबात चूक नव्हती. पण प्रकाश सगळ्या बाजूंना सारखा पसरतो आणि तो मऊ घटक तबकडीच्या आतल्या कडेचाच आहे, या दोन गोष्टी गृहीत धरल्या होत्या. वर्णपटाची दुसरी बाजूही तेव्हा दिसत होती. ५ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास तो खाली वाकायला लागतो. पोट भरायला थोडंसंच मिळणाऱ्या कृष्णविवराचा कठीण वर्णपट शंभरच्या आसपासपर्यंत ताठ जातो, हा तसा जात नव्हता. न्यूस्टारने १० च्या वरचा भाग दाखवला तेव्हा तिथे उतारच निघाला. हे स्रोत मर्यादेखाली निवांत खाणारे नव्हते. आपल्या ताकदीबाहेर गिळणारे होते, आणि मग त्यांना जड असण्याची सक्ती उरत नव्हती.

तरीही वर्णपटावरून वाद मिटत नाही, कारण त्याचे अर्थ दोन लावता येतात. ठोक्याचे लावता येत नाहीत. दर १.३७ सेकंदांनी, लाखो वेळा, घड्याळासारखा पडणारा ठोका द्यायला फिरणारी आणि पृष्ठभाग असलेली वस्तू लागते. तिच्या चुंबकीय ध्रुवांवर वायू ओतला जातो, तिथे तप्त डाग तयार होतो, आणि तो डाग दर फेरीला आपल्यासमोर येऊन जातो. कृष्णविवराला पृष्ठभाग नाही, डाग टिकवायला जागा नाही. म्हणजे एक्स-२ हा न्यूट्रॉन तारा, मेलेल्या ताऱ्याचा दाबून घट्ट झालेला गाभा, वीस-पंचवीस किलोमीटर व्यासाचा आणि सूर्याच्या साधारण दीडपट वस्तुमानाचा. उजेड मात्र जवळजवळ पन्नास लाख सूर्यांइतका, म्हणजे त्याच्या मर्यादेच्या शंभरपट.

मग तो आधी का दिसला नाही? इथे मी नेहमी थबकते, कारण याचं उत्तर कुणाच्या दुर्लक्षात नाही, यंत्रांच्या घडणीत आहे. चंद्रा उपग्रहाची नजर क्ष-किरण दुर्बिणींत सगळ्यात तीक्ष्ण, अर्ध्या आर्कसेकंदाची. एक्स-१ आणि एक्स-२ तिला सुटे, स्वच्छ दिसतात. पण तिचा मुख्य कॅमेरा नेहमीच्या पद्धतीत दर ३.२ सेकंदांनी एक चौकट वाचतो. १.३७ सेकंदांचे ठोके एका चौकटीत दोन-दोन मावतात आणि पुसले जातात. एक्सएमएम-न्यूटनचा पीएन कॅमेरा ७३ मिलिसेकंदांत चौकट वाचतो, म्हणजे वेळेच्या बाबतीत पुरेसा चपळ, पण त्याच्या चित्रात पाच आर्कसेकंदांवरचे दोन ठिपके एकमेकांत विरघळतात. (त्याच दुर्बिणीवरचे दोन मॉस कॅमेरे २.६ सेकंद घेतात, ते यातून बादच.) न्यूस्टार फोटॉनची वेळ मिलिसेकंदाहून कितीतरी बारीक टिपतो, पण त्याच्या नजरेची धार १८ आर्कसेकंदांची. त्याला एम ८२ च्या गाभ्यात एकच जाड ठिपका दिसतो. ज्याला ठिकाण कळतं त्याला ठोका ऐकू येत नाही, आणि ज्याला ठोका ऐकू येतो त्याला तो कुणाचा ते कळत नाही. शेवटी ठोक्याच्या तालात येणाऱ्या प्रकाशाचा मध्य कुठे पडतो ते न्यूस्टारच्या चित्रातून काढलं आणि चंद्राच्या चित्राशी जुळवून पाहिलं. तो एक्स-२ वर पडला.

ठोका शोधणं म्हणजे काय काम असतं ते एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. दुर्बिणीकडून चित्र येत नाही, यादी येते. प्रत्येक ओळीत एक फोटॉन: येण्याची वेळ, जागा, ऊर्जा. स्रोताभोवती वीस-तीस आर्कसेकंदांचं वर्तुळ आखायचं आणि आतले फोटॉन उचलायचे. पार्श्वभूमी अचानक उसळते, प्रोटॉनांचे लोट कॅमेऱ्यावर आदळतात, ते तास कापून टाकायचे. मग प्रत्येक वेळ सूर्यमालेच्या गुरुत्वमध्यावर नेऊन लावायची, कारण पृथ्वी सूर्याभोवती फिरताना फोटॉन कधी लवकर तर कधी उशिरा गाठते, आणि हा फरक दोन्ही बाजूंना आठ मिनिटांपर्यंत जातो. ही दुरुस्ती राहिली तर पुढचं सगळं वाया. मग फूरिये रूपांतर, म्हणजे नोंदीत दडलेली आवर्तनं वेगळी काढणारं गणित. न्यूस्टार पृथ्वीजवळच्या कक्षेत फिरतो, दर फेरीत पृथ्वी आड येते, त्यामुळे नोंदीत दीड-दीड तासांनी खिंडारं पडतात आणि त्या खिंडारांचेच सुळके आलेखात उगवतात. ते ओळखून बाजूला ठेवायचे. आणि फोटॉन किती, तर अनेक स्रोतांकडून सेकंदाला एकही धड येत नाही. एका ठोक्यामागे एखादा, कधी तोही नाही. ठोका डोळ्यांना दिसत नाहीच, हजारो ठोके एकमेकांवर रचले की एक बारीक उंचवटा वर येतो. ठोक्याची खोली १० टक्के असेल तर आठ-दहा हजार फोटॉन लागतात. खोली निम्मी झाली की चौपट. एम ८२ मध्ये शेजारच्या एक्स-१ चा स्थिर उजेड मिसळून खोली आणखी पातळ होते.

एवढं जमलं तरी तारा आपल्या जोडीदाराभोवती फिरत असतो हे राहिलंच. एक्स-२ ची कक्षा अडीच दिवसांची. आपल्याकडे येताना ठोके दाटतात, दूर जाताना विरळ होतात. कक्षेच्या या टोकापासून मध्यापर्यंत प्रकाशाला २२ सेकंद लागतात, म्हणजे सोळा ठोक्यांइतकी घसरण. ही घसरण काढून न टाकता अडीच दिवसांचे फोटॉन एका आवर्तनकाळावर रचले तर उंचवट्याचा पार सपाट चिखल होतो. म्हणून नोंदीचे लहान तुकडे घ्यायचे, प्रत्येकात आवर्तनकाळासोबत त्याच्या बदलाचा वेगही चाचपायचा, मग तुकडे जोडून कक्षा बसवायची. यात लाखो जोड्या तपासल्या जातात आणि लाखोंत एखादी निव्वळ योगायोगानेही उठून दिसते, म्हणून पुराव्याची पट्टी तितकीच वर न्यावी लागते. त्यात ठोका दर वेळी हजर असेल याचीही खात्री नसते. याच स्रोतांचे एका महिन्यात ठळक पडणारे ठोके दुसऱ्या महिन्यात गायब असतात.

२०१४ हे वर्ष मला फार विलक्षण वाटतं. ऑगस्टमध्ये पाशम, स्ट्रोमायर आणि मुशोत्स्की यांनी नेचरमध्ये एम ८२ एक्स-१ च्या प्रकाशातल्या ३.३ आणि ५.१ हर्ट्झच्या (सेकंदाला तितक्या वेळा होणाऱ्या) चढउतारांवरून तिथे सुमारे ४०० सौर वस्तुमानांचं कृष्णविवर असल्याचं मांडलं. ऑक्टोबरमध्ये त्याच नियतकालिकात बाकेत्ती आणि सहकाऱ्यांचा ठोक्याचा शोधनिबंध आला, पाच आर्कसेकंद शेजारच्या एक्स-२ बद्दल. आणि त्याच अंकात, त्याच्याआधीच, मोच आणि सहकाऱ्यांचा निबंध होता एनजीसी ७७९३ या दीर्घिकेतल्या पी१३ या यूएलएक्सवर. त्यांनी ६४ दिवसांच्या कक्षेवरून दाखवलं की हे कृष्णविवर १५ सौर वस्तुमानांहून हलकं आहे. काम चोख होतं, मर्यादा खरी निघाली. फक्त ते कृष्णविवर नव्हतं. दोन वर्षांनी पी१३ चा ०.४२ सेकंदांचा ठोका सापडला, आणि तो २०१३ च्या जुन्या एक्सएमएम-न्यूटन नोंदींतही होता. म्हणजे निबंध छापून आला तेव्हा ठोका संग्रहात पडून होता. वस्तुमानाची वरची मर्यादा बरोबर आणि वस्तू निराळी, हे एकाच वेळी खरं असू शकतं, हे मला इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कुठल्या उदाहरणाने पटलं नाही.

त्यानंतर एनजीसी ५९०७ मधला स्रोत आला, ५ कोटी प्रकाशवर्षांवरचा. त्याची तेजस्विता अडीच कोटी सूर्यांच्या घरातली. जुन्या तराजूवर आठशे सौर वस्तुमानं, मधल्या पायरीचा हक्काचा उमेदवार. त्यातही ठोका निघाला. २००३ मध्ये तो १.४३ सेकंदांचा होता, २०१४ मध्ये १.१३ सेकंदांचा. अकरा वर्षांत एका अख्ख्या ताऱ्याची गिरकी एवढी वेगावली, कारण पडणारा वायू आपल्यासोबत फिरण्याची गती घेऊन येतो. एनजीसी ३०० मधला तर २०१६ च्या अखेरीस ३२ सेकंदांच्या आसपास होता आणि साधारण वर्षभरात २० सेकंदांपाशी आला. गिरकीची ही वाढ मोजली की ताऱ्यावर खरोखर किती वायू पडतोय याचा अंदाज तेजस्वितेशिवाय येतो.

मग मर्यादा मोडते कशी? खरं तर ती गोल, सगळ्या बाजूंनी सारख्या पडणाऱ्या वायूसाठी आहे, आणि इथे काहीच गोल नाही. वायू तबकडीतून येतो, चुंबकीय क्षेत्र त्याला पकडून ध्रुवांवर एका अरुंद खांबात ओततं, आणि प्रकाश खांबाच्या कडांमधून निसटतो. एक वाट आत येण्याची, दुसरी बाहेर जाण्याची. त्यात क्षेत्र फार तीव्र असेल तर इलेक्ट्रॉनांना आडवं हलणंच अवघड होतं आणि प्रकाशाची त्यांच्यावरची पकड सैल पडते. क्षेत्र किती तीव्र, हे सांगणारी एक रेघ एम ५१ मधल्या आठव्या स्रोताच्या वर्णपटात ४.५ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टला सापडली आहे. पण ती इलेक्ट्रॉनांची धरली तर येणारं क्षेत्र आणि प्रोटॉनांची धरली तर येणारं क्षेत्र यांत सुमारे अठराशे पटींचा फरक पडतो.

दुसरं म्हणणं असं की उजेड मुळात तेवढा नाहीच, फक्त आपल्या दिशेने एकवटलाय. शाकुरा आणि सुन्याएव यांनी १९७३ मध्येच सांगितलं होतं की गरजेहून जास्त खाद्य मिळालं की तबकडी आतल्या भागात फुगते आणि जादा माल वाऱ्याने बाहेर फेकते. तो वारा २०१६ मध्ये एनजीसी १३१३ एक्स-१ आणि एनजीसी ५४०८ एक्स-१ च्या वर्णपटात सापडलाही, प्रकाशाच्या पाचव्या भागाएवढ्या वेगाने निघालेला. अशा वाऱ्याच्या मधोमध नरसाळं तयार होतं आणि प्रकाश त्यातून झोत होऊन निघतो. आपण नेमके झोतात असलो तर चारी दिशांचा हिशेब करताना फसतो. हे काही प्रमाणात खरं असणारच. पण फार अरुंद नरसाळं मानलं तर अडचण येते. आत प्रकाश इतक्या वेळा आपटतो की ठोका पुसट व्हायला हवा, आणि तो तर दिसतो. होल्मबर्ग २ या लहानशा दीर्घिकेतल्या स्रोताभोवती हेलियमचा तेजोमेघ आहे. तो वायू सगळ्या बाजूंनी क्ष-किरण शोषून घेऊन एका ठरावीक निळ्या रेषेत चमकतो. आपल्या दिशेला नसलेला उजेडही तिथे मोजला जातो, आणि आकडा आपल्याला थेट दिसणाऱ्या आकड्यापासून फार लांब पडत नाही.

एम ८२ एक्स-२ वर आणखी एक सुंदर पडताळणी झाली. बाकेत्ती आणि सहकाऱ्यांनी २०१४ पासूनचे ठोके जोडून पाहिले तेव्हा अडीच दिवसांची कक्षा वर्षाला सुमारे पावणेदोन सेकंदांनी आखडतेय असं निघालं. जड जोडीदाराकडून हलक्या ताऱ्याकडे वस्तुमान सरकलं की कक्षा आवळते, म्हणून या आखडण्यावरून सरकणारा माल मोजता येतो. तो वर्षाला पृथ्वीच्या साधारण दीडपट वस्तुमानाएवढा, मर्यादेला पुरेल त्याच्या दीडशे पटींच्या आसपास. तेजस्वितेला हात न लावता आलेला हा आकडा आहे. उजेड खराच असेल तर त्याला लागणारं इंधन तिथे पोहोचतंय.

सगळेच यूएलएक्स न्यूट्रॉन तारे, असं मात्र म्हणता येत नाही. ईएसओ २४३-४९ या दीर्घिकेतला एचएलएक्स-१ उसळीच्या वेळी सूर्याच्या पंचवीस कोटी पटींच्या आसपास तळपतो, त्याच्यापाशी हजारो सौर वस्तुमानांचं कृष्णविवर असण्याची शक्यता अजून भक्कम आहे. उरलेल्यांत काही साधी, दहा-वीस सौर वस्तुमानांची अधाशी कृष्णविवरं असणारच. अडचण ही की ठोका सापडला तर न्यूट्रॉन तारा ठरतो, पण न सापडल्याने काहीच ठरत नाही. कृष्णविवराला स्वतःची अशी खूण नाही. ठोका आतापर्यंत दहाएक स्रोतांतच ऐकू आलाय, आणि ज्यांचे पुरेसे फोटॉन हाती आहेत असे स्रोतच मुळात मोजके. बाकी सगळ्या यादीबद्दल आपण फक्त इतकंच म्हणू शकतो की ऐकायला लागणारे फोटॉन अजून जमलेले नाहीत.

सुपरनोव्हा कधीच मावळला. एक्स-२ चाही उजेड एकसारखा राहत नाही. कधीकधी, बहुधा चुंबकीय क्षेत्राने वायूला दारातच अडवल्यामुळे, तो चाळीस पट मंद होतो, आणि चंद्रा उपग्रहाच्या अशा वेळच्या चित्रांत एम ८२ च्या गाभ्यात एक्स-१ जवळजवळ एकटा उरतो. हीच एक्स-१ ला ऐकायची वेळ. शेजाऱ्याचा उजेड फोटॉनच्या यादीत मिसळत नाही, आणि दोघांना वेगळं न करू शकणाऱ्या दुर्बिणींनाही तेव्हा जवळपास एकट्या एक्स-१ चेच फोटॉन मिळतात. तो एक्स-२ हूनही प्रखर आहे. चारशे सौर वस्तुमानांचा दावा अजून त्याच्या नावावर उभा आहे, आणि ठोका अजून ऐकू आलेला नाही.